पत कमावणारा कारखानदार : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

भांडवल कर्जाऊ मिळते, जागा भाड्याने मिळते. पत मात्र ज्याची त्यालाच कमवावी लागते. हुबळी-धारवाडच्या पेठेत पिढ्यान् पिढ्या व्यवहार करीत आलेल्या कुटुंबांना हे वेगळे सांगावयास नको. याच मुलखात जन्मून ज्यांचे नाव नांगराबरोबर दूरदूरच्या शेतकऱ्यांच्या घरी पोहोचले, त्या कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र म्हणजे अशा कमाईचा एक वस्तुपाठच होय.

धारवाडपासून फारसे दूर नसलेल्या, सौंदत्तीच्या परिसरातील गुर्लहोसूर या गावी २० जून १८६९ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाचा ओढा मात्र चित्रे आणि यंत्रे यांकडे होता. वडिलांची नाराजी असतानाही वडील बंधू रामचंद्रपंत ऊर्फ रामूअण्णा यांच्या आधारावर लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे त्यांच्या ध्यानी आले आणि चित्रकार होण्याचे स्वप्न संपुष्टात आले. रंग गेले तरी रेषा हाती राहिली. यंत्ररेखनात प्रावीण्य मिळवून ते व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक झाले.

१८८८ साली उभय बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान थाटले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडाव्यात आणि रामूअण्णांनी त्या विकाव्यात, शिवाय गिऱ्हाइकास त्यांवर बसावयासही शिकवावे, असा क्रम होता. माल खपला म्हणजे दुकानदाराचे काम संपत नाही, ही समज या पेढीस आरंभापासूनच होती. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. स्वाभिमानी लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावास येऊन राहिले.

तेथे त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र व नंतर लोखंडी नांगर तयार केला. खरी कसोटी येथे लागली. काळ्या जमिनीत हराळीची मुळे किती खोल जातात हे धारवाडकडील शेतकरी जाणतो. लाकडी नांगर वरची माती उकरतो. हराळी समूळ काढावयाची तर लोखंडी फाळच हवा. परंतु लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा समज त्या काळी शेतकऱ्यांत दृढ होता. पहिला नांगर विकला जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली. या अवधीत नांगर करणे सोडून पुन्हा सायकलींवर पोट भरण्याचा मार्ग मोकळा होता. लक्ष्मणरावांनी तो पत्करला नाही. ज्याचे सारे वर्ष एका पेरणीवर अवलंबून आहे त्याच्या शंकेला हसून चालत नाही. तिचे निरसन शेतातच व्हावे लागते, आणि ते अखेर नांगरानेच केले. एकाच्या रानात उतरलेले पीक शेजाऱ्याच्या दृष्टीस पडते. शेतकऱ्यांत नाव होते ते असे.

जम बसू लागतो न लागतो तोच नगरपालिकेच्या आदेशामुळे बेळगावातील कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. अशा वेळी जुन्या कामाची पुण्याई उपयोगी पडली. औंध येथील देवीच्या सभामंडपाच्या कामामुळे लक्ष्मणरावांचे कर्तृत्व बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या परिचयाचे झाले होते. औंधच्या या अधिपतींनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. हाती कारखाना नाही, छप्पर नाही, अशा माणसावर ठेवलेला हा विश्वास म्हणजेच पत.

निवडुंगाने माजलेल्या आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली सुमारे २५ कामगारांची कुटुंबे येऊन राहिली आणि किर्लोस्करवाडी वसली. रामूअण्णांकडे वसाहतीची व्यवस्था होती, शंभोराव जांभेकर यंत्रे सांभाळीत, तर मंगेशराव रेगे कारकुनी व हिशेब पाहत. कारखान्याच्या नावलौकिकात भट्टीइतकाच खतावणीचाही वाटा असतो, हे विसरता कामा नये.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे मंदावले आणि लोखंडाची टंचाई झाली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या व त्यांच्या धातूचे नांगर झाले. वाडीच्या स्थानकावरून निघालेली मीटरगेज मिरज, बेळगाव, लोंढा करीत थेट धारवाड-हुबळीस येत असे. त्यामुळे जन्मभूमीची पेठ कारखान्यास दूर नव्हती. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक व पाण्याचे पंपही वाडीत तयार होऊ लागले. १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्करची, तर १९४६ साली पुण्यास तेलइंजिनांच्या आणि बंगळूरास विद्युत् यंत्रांच्या कारखान्यांची स्थापना झाली. पुढे हुबळीच्या गोकुळ रस्त्यावरही किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना आला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. १९८९ साली टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. हरिहरचा कारखाना कालांतराने बंद पडला. वडिलांचे नाव मुलांना वारशाने मिळते. त्या नावामागची पत मात्र प्रत्येक पिढीस नव्याने राखावी लागते, हाच त्याचा बोध. न विकलेल्या नांगरासमोर दोन वर्षे धीर न सोडणाऱ्या या पुरुषाचे स्मरण, आज दुकानाची वा कारखान्याची पायरी प्रथमच चढणाऱ्या आपल्या तरुणांना वाट दाखवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.