ब्रॅडॉकचा डावा हात

जेम्स ब्रॅडॉक हा आपल्या न्यू जर्सीचा बॉक्सर. आयसेलिनहून गाडीने निघालात, तर तासाभरात नॉर्थ बर्गनला पोचता. तिथे त्याच्या नावाची बाग आहे, पुतळासुद्धा आहे. त्याचा जन्म मात्र न्यूयॉर्कचा, १९०५ सालचा.

महाराष्ट्रात कुस्तीसाठी दोन पैलवान निवडतात, त्याला जोड लावणं म्हणतात. जोड तोलामोलाची हवी. बॉक्सिंगमध्ये त्यासाठी वजनाचे गट असतात. पण हेवीवेट गटात वजनाला वरची मर्यादाच नाही! त्यामुळे तिथे कधी कधी अगदी विजोड जोडी समोरासमोर येते.

तरुणपणी ब्रॅडॉकची सगळी भिस्त उजव्या हातावर होती. १९२९ मध्ये त्याची गाठ टॉमी लॉफ्रनशी पडली. लॉफ्रनचा ठोसा काही फार जड नव्हता, पण पाय हलके आणि डावा हात चपळ. पंधरा फेऱ्या झाल्या, तरी ब्रॅडॉकचा उजवा ठोसा त्याला नीट लागेना. ब्रॅडॉक हरला. त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि देशात मंदी आली. पुढे त्याचा उजवा हात पुन्हा पुन्हा मोडला आणि लढती बंद पडल्या.

घरी बायको मे आणि तीन लहान मुलं. ब्रॅडॉक हडसन नदीच्या धक्क्यावर हमाली करू लागला. काम रोज मिळायचंच असं नाही. शेवटी त्याला सरकारी मदत घ्यावी लागली. (पैसे आल्यावर त्याने ती परत केली. असं कोण करतं, सांगा बघू!) दुखऱ्या उजव्या हाताने ओझं उचलवत नव्हतं, म्हणून तो डाव्या हाताने उचलायचा. असा त्याचा डावा हात तयार झाला.

१९३४ मध्ये त्याला ऐनवेळी एक लढत मिळाली. समोर कॉर्न ग्रिफिन होता. ब्रॅडॉकने तिसऱ्याच फेरीत ती जिंकली. आणखी दोन विजय मिळवल्यावर थेट जगज्जेता मॅक्स बेअरशी सामना ठरला.

बेअरचं नाव ऐकून लोक घाबरायचे. १९३० मध्ये त्याच्याशी लढल्यावर फ्रँकी कॅम्पबेल नावाचा बॉक्सर मरण पावला होता. बेअरचे हातही लांब. दोन्ही हात पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ८१ इंच. ब्रॅडॉकचे ७५. म्हणजे एकेका हातामागे फरक साधारण ३ इंचांचा. तेवढ्या अंतरावरून बेअर मारू शकत होता, ब्रॅडॉक नाही.

पण लांब हात वापरायचे कसे, हे पण महत्त्वाचं ना? बेअर हात मागे नेऊन मोठे, रुंद ठोसे मारायचा. असा ठोसा यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात समोरचा सरकतो. १३ जून १९३५ ला ब्रॅडॉकने हेच केलं. डाव्या हाताने सरळ, छोटा ठोसा मारायचा आणि लगेच जागा बदलायची. बेअरने नीट सरावही केला नव्हता. तो मधेच विदूषकी चाळे करत होता. पंधरा फेऱ्यांनंतर पंचांनी ब्रॅडॉकला विजयी ठरवलं.

दोन वर्षांनी जो लुईस समोर आला. पहिल्याच फेरीत ब्रॅडॉकने त्याला खाली पाडलं. पण लुईसचे ठोसे सरळ, छोटे आणि जबर होते, आणि वय फक्त २३. ब्रॅडॉक ३२ वर्षांचा. आठव्या फेरीत ब्रॅडॉक पडला आणि जगज्जेतेपद गेलं.

नंतर तो नॉर्थ बर्गनच्याच घरात राहिला. १९७४ मध्ये तिथेच वारला.