दौलत राज्याची, दान खासगीचे

काशीचे विश्वनाथ मंदिर, गयेचे विष्णुपद मंदिर आणि सौराष्ट्रातील सोमनाथ ही परस्परांपासून शेकडो कोसांवर असलेली तीर्थक्षेत्रे अहिल्यादेवी होळकर या एका नावाने जोडली गेली आहेत. त्यांच्या दानधर्माची थोरवी सारेच गातात. मात्र हा दानधर्म कोणत्या पैशातून झाला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर शोधू लागले की राज्यकर्तीच्या आड उभी असलेली होळकर घराण्याची कर्ती स्त्री दिसू लागते.

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी जामखेडजवळच्या चौंडी या गावी झाला. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. १७३३ साली मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पाटलाची लेक सुभेदारांची सून झाली. सासू गौतमाबाई यांच्या हाताखाली त्या घरचा कारभार शिकल्या. हे घर साधे नव्हते. १७३४ साली पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर लावून दिली होती. फौज, मोहिमा आणि मुलूख यांचा हिशेब दौलतीचा, तर घरातील स्त्रीच्या हाती असलेले उत्पन्न खासगीचे. दोन्हींच्या वह्या वेगळ्या. सासूकडून सुनेकडे आलेला हा वारसाच पुढे त्यांच्या दानधर्माचा आधार ठरला.

मार्च १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेचा गोळा लागून पडले. अहिल्यादेवी तेव्हा एकोणतीस वर्षांच्याही नव्हत्या. मालेराव आणि मुक्ताबाई ही मुले लहान होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांनी सती जाण्याची तयारी केली. वृद्ध मल्हाररावांनी त्यांना विनवून परावृत्त केले. पुत्र गमावलेल्या सासऱ्याने सुनेलाच पुत्राच्या जागी मानले. मल्हारराव मोहिमेवर असताना वसुली, रसद, तोफखाना आणि दारूगोळा यांची व्यवस्था त्यांच्याकडे असे. १७६१ साली गौतमाबाई निवर्तल्या आणि खासगीही अहिल्यादेवींकडे आली.

मे १७६६ मध्ये मल्हारराव गेले आणि वर्षभराच्या आतच, १७६७ साली, मालेरावांचाही मृत्यू झाला. घरात कर्ता पुरुष उरला नाही, हे पाहून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरला आणि राघोबादादांना फौजेसह बोलावून घेतले. अहिल्यादेवींनी शिंदे, गायकवाड आणि भोसले या सरदारांकडे मदत मागितली व स्वतः लढण्याची तयारी चालवली. स्त्रीकडून हार पत्करावी लागली तर जगात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, अशा आशयाचा निरोप त्यांनी राघोबांना धाडल्याचे परंपरा सांगते. माधवराव पेशव्यांनी त्यांचा हक्क मान्य केला आणि राघोबांना माघार घ्यावी लागली. फौजेची जबाबदारी त्यांनी तुकोजी होळकरांवर सोपवली आणि मुलकी कारभार नर्मदाकाठच्या महेश्वरातून स्वतः पाहिला. राज्याचे हुकूम श्रीशंकराच्या नावाने निघत. रयतेची गाऱ्हाणी त्या स्वतः ऐकत. विणकरांना आश्रय मिळाला आणि महेश्वरी वस्त्राचे नाव सर्वदूर पोहोचले.

खासगीचे सारे उत्पन्न त्यांनी लोकांसाठी खुले केले. काशीचे विश्वनाथ मंदिर १६६९ साली औरंगजेबाच्या काळात पाडले गेले होते. १७८० साली त्यांनी ते जवळच्या जागी नव्याने उभे केले. १७८३ साली सोमनाथचे, तर १७८७ साली विष्णुपदाचे मंदिर बांधले गेले. यातील बहुतेक ठिकाणी होळकरांचे राज्य नव्हते. तिथून महसूल येणार नव्हता की फौजेला वाट मिळणार नव्हती. मंदिरांच्या जोडीला घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभी राहिली, म्हणजे पायी चालणाऱ्या यात्रेकरूला पाणी, सावली आणि घास मिळू लागला. एकदा बांधून सोडून न देता पूजा, अन्नदान आणि देखभाल पुढेही चालावी म्हणून त्यांनी नेमणुका करून दिल्या. दानासाठी रयतेवर बोजा पडला नाही. एका घरातील स्त्रीधनाचे हे रूपांतर होते.

बाहेर असे आधार उभे राहत असताना त्यांचे स्वतःचे घर मात्र रिकामे होत गेले. मुक्ताबाईंचा मुलगा नथ्याबा हा आजीचा जीव की प्राण. तो ऐन तारुण्यात गेला. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे यांचेही निधन झाले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. जिला सासऱ्याच्या विनवणीने चितेपासून परत आणले होते, तिने आता लेकीची विनवणी केली. ती फळाला आली नाही. राज्यात ज्यांचा शब्द मोडला जात नसे, त्यांना नर्मदेच्या काठी पोटच्या लेकीची चिता पाहावी लागली. त्यानंतरही कारभार थांबला नाही आणि अन्नछत्रेही बंद पडली नाहीत. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

त्यांनी उभारलेल्या वास्तूंच्या व्यवस्थेसाठी १९६२ साली इंदूरमध्ये न्यास स्थापन झाला. त्याच्याही नावात खासगी हा शब्द आहे. २०१९ साली सोलापूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले, तर २०२४ साली अहमदनगर जिल्हा अहिल्यानगर झाला. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. हे सन्मान उचितच आहेत. पण सार्वजनिक पैसा आणि घरचा पैसा यांतील रेघ त्यांनी ज्या काटेकोरपणे सांभाळली, तिचे स्मरण नामफलकांपेक्षा अधिक काळ टिकायला हवे. घराण्याचा वंश डोळ्यांदेखत खुंटत असताना घरचा पैसा अनोळखी वाटसरूंच्या हाती ठेवणारी ही माउली म्हणूनच पुण्यश्लोक ठरली.