इतिहासाचार्य राजवाडे आणि आमच्या किनाऱ्याची बखर

बोईसर स्थानकावरून तारापुरास जाणाऱ्याच्या नजरेस प्रथम कारखाने पडतात, आणि तारापूर म्हटले की १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्रच मनात येते. परंतु त्याच तारापुरात समुद्राकाठी एक जुना किल्ला आहे. त्यावर पोर्तुगिजांचे निशाण होते. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने तो घेतला व त्या झुंजीत बाजी भिवराव हा नामांकित सरदार पडला. पुढे इंग्रजी अंमल आला आणि १९४७ साली तोही गेला. इतकी निशाणे चढली आणि उतरली, ह्यात काही अर्थ आहे काय? की भरती-ओहोटीप्रमाणे हे नुसते चालले आहे?

हा प्रश्न फार जुना आहे. ४१० साली रोम शहर लुटले गेले, तेव्हा ख्रिस्ती लोकांमुळेच जुने देव कोपले असा बोभाटा झाला. त्यास उत्तर म्हणून बिशप ऑगस्टीन ह्यांनी देवाच्या नगरीविषयी मोठा ग्रंथ लिहिला आणि राज्ये पडली तरी इतिहास देवाने योजिलेल्या शेवटाकडेच जात आहे असे दाखविले. चौदा शतकांनी जर्मनीत हेगेल ह्यांनी इतिहास म्हणजे स्वातंत्र्याच्या जाणिवेची वाढ होय असे मांडले. फ्रान्सात कोंत ह्यांस मनुष्यजात धर्मकल्पना मागे टाकून शास्त्राकडे चालली आहे असे दिसले. आमच्या महाराष्ट्रात न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उत्कर्षावर ग्रंथ लिहून संतांच्या चळवळीची तुलना युरोपातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेशी केली. ही तुलना वाचून आमच्यासारख्यांस आनंद व्हावा हे साहजिक आहे.

पण ह्याच काळात एक गृहस्थ असे होते की, अर्थ नंतर पाहू, आधी कागद दाखवा, असा त्यांचा हट्ट असे. ते विश्वनाथ काशिनाथ राजवाडे होत.

त्यांचा जन्म १८६३ साली पेण तालुक्यातील वरसई येथे झाला. वडील लहानपणीच गेले. पुण्यास डेक्कन कॉलेजात शिक्षण झाले. पत्नी तरुणपणीच वारली आणि त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. १८९४ साली त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले व त्यात प्लेटोच्या ग्रंथाचे मराठीकरण केले. इंग्रजी उत्तम येत असूनही ते मराठीतच लिहीत.

१८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड निघाला. पुढे असे बावीस खंड झाले. ते एका माणसाने कसे केले हे जाणून घेण्यासारखे आहे. राजवाडे गावोगाव हिंडत, जाडेभरडे वस्त्र नेसत, स्वतःच्या हाताने शिजवून खात आणि जुन्या घराण्यांच्या दारी जाऊन दफ्तरे मागत. कोठे कागद माळ्यावर कुजत पडलेले असत, कोठे मालक संशयाने दार लावून घेई. राजवाडे पुन्हा जात. स्वभाव तापट होता. माणसे तोडण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. परंतु कागद फाटू नये म्हणून ते जी माया करीत ती माणसांच्या वाट्यास क्वचितच आली. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले त्यात ते प्रमुख होते, आणि पुढे तेथूनही रागावून निघाले.

पहिल्या खंडात पानिपताच्या काळची पत्रे आहेत. १७६१ च्या त्या घाताचे कारण दैव, ग्रह किंवा पाप असे सांगून लोक मोकळे होत. राजवाड्यांनी पत्रांच्या तारखा लावल्या, कोण कोठे होता व कोणी रसद पोहोचविली नाही हे पाहिले, आणि गोविंदपंत बुंदेले व मल्हारराव होळकर ह्यांच्यावर ठपका ठेविला. त्यांचा हा निकाल पुढील संशोधकांनी जसाच्या तसा मानला नाही. परंतु वाद झाला तो कागदांवरून झाला, हेच त्यांचे यश होय. स्थळ, काळ आणि व्यक्ती ह्या तिघांची गाठ पडते तेव्हा प्रसंग घडतो, अशी त्यांची मांडणी होती. इतिहास आधीच ठरलेल्या हेतूकडे चालला आहे, हे ते मान्य करीत नसत.

अस्सल पत्रापुढे बखरीस ते फारशी किंमत देत नसत. तरीही १९२४ साली त्यांनी आमच्या मुलखाची एक बखर छापली, ती ‘महिकावतीची बखर’. तिचा जुना भाग केशवाचार्यांचा असून तो १४४८ च्या सुमाराचा आहे. बिंब राजा दमणकडून उतरला, चिंचणी-तारापूर व केळवे-माहीम त्याच्या ताब्यात आले, बरोबर आलेली कुळे गावोगाव वसली, अशी हकिकत तीत आहे. राजवाड्यांनी तिला लांबलचक प्रस्तावना जोडली. ती वाचताना आम्हांस नवल वाटले, कारण राजांची वंशावळ सोडून ते कातवडी, वारली, ठाकर, कोळी, मांगेले ह्या लोकांकडे वळतात व ह्या किनाऱ्यावर कोण कोणाच्या आधी आले असावे ह्याचा विचार करतात. राजे बदलले तरी गावकरी अलिप्त का राहिला? अन्न सहज मिळत होते आणि सरकार म्हणजे वरून येऊन लुटणारी टोळी असे त्यास वाटे, असे त्यांचे उत्तर आहे. ते अपुरे असेल. भुकेने गाव सोडलेल्या वारली कुटुंबांस अन्न सहज मिळे असे सांगण्याचे धैर्य आम्हांस होणार नाही. पण जे लोक आज आमच्या मंडळ्यांच्या बाकांवर बसतात, त्यांच्याविषयी एका पंडिताने १९२४ साली इतके लिहावे ही लहान गोष्ट नव्हे.

त्यांचे दोषही झाकू नयेत. ब्राह्मणपणाचा अभिमान त्यांच्या लिखाणात लपत नाही. संतांनी लोकांस दुबळे केले हा त्यांचा आरोप आम्हांस अन्यायाचा वाटतो. ज्यांच्या अभंगांनी शूद्रातिशूद्रांस देवाजवळ जाण्याचा धीर दिला, त्यांस तलवारीच्या मापाने मोजणे बरे नाही.

तथापि आमची एक चूक ह्या ठिकाणी कबूल करणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी वादळात होड्या बुडाल्या, तेव्हा आम्ही उपदेशपीठावरून तो देवाचा दंड असल्याचे सांगितले. उपासनेनंतर एक वृद्ध भगिनी जवळ आली व शांतपणे विचारती झाली की, पाळकसाहेब, बुडाले ते आपल्यापेक्षा अधिक पापी होते काय? आम्ही निरुत्तर झालो. शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा प्रभूने असा अर्थ काढू दिला नव्हता, हे आम्हांस रस्त्याने घरी जाताना आठवले. इतिहासाचा शेवट देवाच्या हाती आहे हा आमचा विश्वास आहे. राजवाड्यांचा तो नव्हता. पण प्रत्येक घटनेचा अर्थ आम्हांस कळतो असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. लूकानेही आरंभापासूनच्या साक्षीदारांकडे चौकशी करूनच लेखणी उचलली.

त्या दिवसापासून आम्ही मंडळीची जुनी बाप्तिस्म्याची वही काढून बसतो. पहिली पाने वाळवीने खाल्ली आहेत. अणुवीज केंद्राच्या विस्तारासाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठली. गाव उठते तेव्हा घरांबरोबर पेट्यांतले कागदही विखुरतात. म्हणून वृद्धांकडून नावे विचारून आम्ही ती नव्या वहीत उतरवीत आहो. कोणी आठवणीने साल सांगतो, कोणी दुष्काळावरून, कोणी लग्नावरून. दोन साक्षी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहून ठेवतो.

राजवाडे शेवटी धुळ्यास राहिले. मराठी धातूंची मुळे शोधण्याचे काम चालू असतानाच ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तेथे वारले. त्यांच्यामागे धुळ्यात त्यांच्या नावाची संशोधन संस्था उभी राहिली, दफ्तरे तेथे ठेवली गेली, आणि धातुकोश १९३७ साली इतरांनी छापून पुरा केला.