लोकमान्यांचे गणित आणि सांगलीचे संमेलन

क्वांटम संगणक हा आजच्या विज्ञानातील नवलाचा विषय आहे. तथापि या यंत्रापुढील खरा प्रश्न वेगाचा नसून विश्वासाचा आहे. त्यातील क्युबिट अतिशय नाजूक असतात. त्यांची कंपनसंख्या नकळत ढळते आणि शून्याच्या जागी एक वाचला जातो. म्हणून त्यांचे अंशशोधन पुनःपुन्हा करावे लागते. हे काम त्या त्या यंत्रापाशीच, बरेचसे आपोआप, चालते. या क्षेत्रातले इतर प्रश्न सोडविण्यासाठी मात्र जाणकार ठरावीक वेळ एकत्र बसतात; अशा मेळाव्यास आज हॅकॅथॉन म्हणतात. नाव नवे असले तरी हा उद्योग महाराष्ट्राला अपरिचित नाही. सांगलीने या जातीचा एक मेळा पाहिला आहे आणि त्यात लोकमान्य टिळक होते.

टिळकांचे राजकारण सर्वश्रुत आहे. गणिती टिळक तितके परिचित नाहीत. 23 जुलै 1856 रोजी रत्नागिरीत जन्मलेले टिळक डेक्कन कॉलेजात केरो लक्ष्मण छत्रे यांच्या हाताखाली गणित शिकले आणि 1877 साली बी. ए. झाले. केरूनानांच्या काळी महाराष्ट्रातील पंचांगे मुख्यतः गणेश दैवज्ञांच्या 1520 सालच्या ‘ग्रहलाघवा’वरून होत. साडेतीन शतकांत बारीकसारीक चुका साचत गेल्या आणि कागदावरचे ग्रह व आकाशातले ग्रह यांची फारकत झाली. केरूनानांनी 1860 साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि 1865 पासून सुधारलेले पंचांग सुरू केले. गणिताला आकाशाची साक्ष हवी, हा संस्कार शिष्याला त्यांच्याकडून मिळाला. 1893 साली ‘ओरायन’ लिहिताना टिळकांनी वेदांचा काळ ठरविला तो वसंतसंपाताच्या गतीवरून. हा संपात सुमारे 72 वर्षांत एक अंश मागे सरतो.

पंचांगाची दुरुस्ती एकट्याच्या पांडित्याने होणार नाही, हे टिळकांनी ओळखले होते. 1904 साली मुंबईत पंचांगशोधनासाठी परिषद भरली आणि टिळकांच्या आयुष्याच्या अखेरच्या पर्वात सांगलीला ज्योतिर्विदांचे संमेलन झाले. या चर्चेत प्रश्न दोन होते. ग्रहांची स्थाने जुन्या ग्रंथावरून घ्यावयाची की वेधावरून, हा पहिला. राशिचक्राचा आरंभ कोठे मानावयाचा, हा दुसरा. केरूनानांप्रमाणेच टिळकही रेवती ताऱ्याच्या पक्षाचे होते. दुसरा पक्ष चित्रा तारा प्रमाण मानी. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. त्यामुळे काही वर्षी अधिकमास निराळा येतो आणि एकाच गावात दोन घरांचे सण महिनाभर मागेपुढे होतात.

1 ऑगस्ट 1920 रोजी टिळक निवर्तले. पुढे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1955 साली अहवाल दिला आणि 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. समितीने स्वीकारलेला आरंभबिंदू चित्रापक्षाला जवळचा होता. म्हणजे दुसऱ्या वादात टिळकांची बाजू मागे पडली. पहिल्या वादाचा निकाल मात्र त्यांच्यासारखा लागला. पंचांग आकाशाशी जुळले पाहिजे, हे आज बहुतेक पंचांगकर्त्यांना मान्य आहे.

यातला भेद लक्षात घेण्याजोगा आहे. गणित खरे की खोटे, हे वेध सांगतो. मोजणीचा प्रारंभ कोठून करावयाचा, हे मात्र आकाश सांगत नाही. ते माणसांनी एकत्र बसून ठरवावे लागते आणि ठरल्यावर आपला आग्रह सोडावा लागतो. टिळकपक्षाच्या पंचांगाने आपला आरंभबिंदू सोडला नाही, म्हणून ते द्वैत अजून टिकून आहे.

केंद्र सरकारने 2023 साली 6003 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेस मान्यता दिली. सातारा-सांगलीकडील विद्यार्थी उद्या या क्षेत्रात जातील, तेव्हा त्यांनाही हेच दोन प्रश्न भेटतील. यंत्राचे उत्तर प्रयोगावर घासून पाहण्याचे धैर्य त्यांना टिळकांकडून घेता येईल. सर्वांनी मिळून ठरविलेले प्रमाण, ते आपले नसले तरी, मानण्याचा धडा मात्र टिळकांच्या यशापेक्षा त्या अपुऱ्या राहिलेल्या एकवाक्यतेतून घ्यावा लागेल.