कामगारांच्या सभेचे नियम आणि बाबासाहेब

मागच्या उन्हाळ्यात मुलुंडकडच्या एका हॉलमध्ये सफाई कामगारांच्या एका युनियनची सर्वसाधारण सभा होती. आम्ही ज्या वस्तीत काम करतो तिथल्या सात-आठ ताई सदस्य आहेत, म्हणून आम्हीही मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसलो. निवडणूक कार्यकारिणीची होती. सभेची नोटीस युनियनच्या ऑफिसबाहेर लागली होती, हजेरीच्या चौकीवर नाही. जुन्या पॅनलची पत्रके मात्र सकाळच्या हजेरीलाच मुकादमाने वाटली होती. नव्या पॅनलकडून उभ्या राहिलेल्या ताईंना बोलायला दोन मिनिटे मिळाली आणि त्यातले एक माईक सुरू होण्यात गेले. चौघींना वर्गणीची पावती नाही, म्हणून मत नाही असे सांगण्यात आले. वर्गणी त्यांनी भरली होती, पावतीपुस्तक पदाधिकाऱ्याच्या बॅगेत होते. मग हात वर करा म्हणाले, मंचावरून कुणीतरी हॉलभर नजर फिरवली आणि मंजूर, मंजूर. मोजले कुणीच नाही. मंचामागे बाबासाहेबांचा फोटो होता, ताजा हार घातलेला.

तो फोटो आमच्या डोक्यातून जाईना. बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणून, धम्मक्रांतीचे प्रवर्तक म्हणून ओळखतो. कामगारपुढारी म्हणून ओळखतो तेही बहुतेक कामाच्या तासांपुरते. पण कामगारांची संघटना आतून कशी चालावी, तिच्या सभेत दुबळ्या सदस्याचे मत कसे राखले जावे, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात वारंवार आला आहे. या लेखात त्यांचे आयुष्य त्या एका बाजूने सांगतो आहोत.

१४ एप्रिल १८९१ ला महूच्या लष्करी छावणीत जन्मलेले भीमराव शाळकरी वयात मुंबईला आले ते थेट गिरणगावात. आधी लोअर परळची डबक चाळ, पुढे परळच्या पोयबावडीची बीआयटी चाळ. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन आल्यावरही, १९३४ मध्ये दादरच्या राजगृहात जाईपर्यंत, त्यांचा संसार याच चाळीत होता. गिरणीचा भोंगा, पाळी, संपाच्या दिवसांतली उधारी हे सगळे त्यांच्या दाराबाहेर घडत होते. कामगारांबद्दलचे त्यांचे ज्ञान पुस्तकी होते असे म्हणणाऱ्यांनी ही चाळ एकदा बघून यावी.

१९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तीही लेखी उद्देश आणि व्यवस्थापक मंडळ ठरवून. तीन वर्षांनी, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसरी परिषद भरली. चवदार तळ्यावर पुन्हा जायचे की नाही हा प्रश्न होता आणि कोर्टाचा मनाई हुकूम आलेला होता. मांडवात हजारो माणसे पेटलेली. तरीही त्या परिषदेत दोन्ही बाजूंची भाषणे झाली. सत्याग्रह करू नका असे सांगायला आलेल्या कलेक्टरलाही मंचावरून बोलू दिले गेले आणि लोकांनी ते ऐकून घेतले. त्यानंतर सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय झाला. आपल्या चळवळीत या प्रसंगाची आठवण निघते ती मनुस्मृतीच्या दहनासाठी, आणि ते योग्यच आहे. पण विरोधी म्हणणे मांडू देऊन मगच निर्णय घेणारी सभा कशी असते, हेही त्याच मांडवात दिसले होते.

पुढच्याच वर्षी मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. १९२८ च्या त्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि गिरणगावात लाल बावट्याचा जोर वाढला. संपाच्या मागण्यांत पगार होता, कामाचा बोजा होता. एक गोष्ट नव्हती. गिरणीत दलित कामगार मुख्यतः रिंग खात्यात होते, विणकाम खात्यात त्यांना घेतच नसत. विणकामात मजुरी जास्त. तिथे धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणजे आमच्या माणसाला चांगल्या मजुरीपासून दूर ठेवणारा इथे मालक नव्हता, शेजारच्या साच्यावरचा कामगार होता. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना सांगितले की सर्व खाती सर्वांना खुली करण्याची मागणी यादीत घ्या, नाहीतर आमचा पाठिंबा धरू नका. पुढाऱ्यांनी ती घेतली, पण मनापासून नाही. मालकांच्या बाजूने उत्तर आले की हा अन्याय असलाच तर तो आम्ही केलेला नाही. या उत्तरातला टोमणा बरोबर जागी लागला होता.

इथे आम्हाला समाजशास्त्राच्या वर्गात शिकलेले थोडे आठवते, पण साध्या शब्दांत सांगतो. हजार कामगारांच्या सभेत शंभर दलित असतील आणि सगळे हात वर करून ठरत असेल, तर नऊशेंच्या सोयीचा अन्यायसुद्धा बहुमताने मंजूर होतो. शिवाय हात वर करताना शेजारी कोण उभा आहे ते दिसत असते. म्हणून कार्यक्रमपत्रिका कोण ठरवतो आणि अल्पसंख्य सदस्याला प्रश्न मांडता येतो का, हे मतमोजणीच्याही आधी येते. १९२८ मध्ये बाबासाहेब भांडले ते याच जागेसाठी. १९२९ च्या दुसऱ्या संपाला त्यांनी विरोध केला आणि दलित कामगारांना कामावर जायला सांगितले. कम्युनिस्टांनी त्याबद्दल त्यांना कधी माफ केले नाही. आमच्या मते, एकजुटीचे तेव्हा नुकसान झाले हे खरे आहे, आणि ज्या एकजुटीत आपले म्हणणे यादीतही येत नाही तिच्यासाठी उपाशी कुणी राहायचे हा प्रश्नही खरा आहे.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद झाली. तिच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे मांडले आणि ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, समतेला नकार देणारी वृत्ती आहे, ती कामगारांच्या संघटनांतही शिरली आहे, हे स्पष्ट केले. हे भाषण तरुणांनी पूर्ण वाचावे, कारण एका ओळीपुरते ते फार वापरले जाते. त्यात युनियनच्या पुढाऱ्यांचीही झाडाझडती आहे.

त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. संपापूर्वी समेटाची लांबलचक प्रक्रिया सक्तीची आणि ती पुरी होण्याआधी संप केला तर शिक्षा. शिवाय कोणती युनियन कामगारांच्या वतीने बोलणार हे ठरवताना मालकाच्या मान्यतेला त्यात वजन होते. १५ सप्टेंबर १९३८ ला विधिमंडळात बाबासाहेबांनी त्याची चिरफाड केली. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्याच हक्काचा भाग आहे अशी त्यांची भूमिका होती आणि मालकाच्या मर्जीवर जगणारी युनियन त्यांना युनियन वाटत नव्हती. ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट, ज्यांचे नऊ वर्षांपूर्वी हाडवैर झाले होते, खांद्याला खांदा लावून उभे राहिले. आदल्या दिवशी परळच्या कामगार मैदानावर सभा झाली, तिचे अध्यक्ष जमनादास मेहता होते. विधेयक तरीही मंजूर झाले.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. त्या चार वर्षांतल्या कामाची यादी मोठी आहे. १९४६ मध्ये कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, हे सगळ्यांना माहीत असते. आमच्या विषयाला लागू आहे ते दुसरेच. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांनी ट्रेड युनियन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. प्रातिनिधिक युनियनला मान्यता देणे मालकावर बंधनकारक, न दिल्यास गुन्हा. त्याचबरोबर मान्यता मिळवण्यासाठी युनियननेही काही अटी पाळायच्या. म्हणजे हक्क मागणाऱ्या संघटनेने आपले घर नीट ठेवायचे. मालक आणि पुढारी दोघांनाही हे फारसे आवडणारे नव्हते. ते रखडले, १९४६ मध्ये पुन्हा मांडले गेले आणि ते मंत्रिमंडळातून गेल्यानंतर १९४७ मध्ये संमत झाले. ती दुरुस्ती कधीच अमलात आणली गेली नाही.

याची किंमत मुंबईने मोजली आहे. १९३८ च्या कायद्याची जागा १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने घेतली. त्यात एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन, आणि ती ठरायची सदस्यसंख्येच्या नोंदींवर, गुप्त मतदानाने नाही. १९८२ मध्ये घाटकोपरच्या डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उभे राहिले, तरी कायद्याच्या लेखी त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच राहिला. कामगारांना एकदा मतपेटीपर्यंत नेले असते तर चित्र वेगळे झाले असते का, यावर आजही विक्रोळी-भांडुपच्या जुन्या कामगारांत वाद होतो. सामंतांचा कारभारही एकहाती होता, हेही त्याच वादात निघते.

आता थोडे धम्माकडे येतो, कारण बाबासाहेबच तिकडे गेले. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात त्यांनी सांगितले की भारताला संसदीय पद्धत नवी नाही, भिक्खू संघाला ती ठाऊक होती. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, पक्षादेश, मतमोजणी, गुप्त मतदान, या सगळ्यांचे नियम संघाकडे होते, असे त्यांनी मोजून दाखवले. हे अभिमानापोटी केलेले विधान नाही. विनयपिटकात चुल्लवग्ग उघडून कुणीही पाहावे. वाद मिटत नसेल तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून मत घेत. काड्या वाटणारा संघाने निवडायचा आणि त्याची पात्रता अशी: पक्षपात, द्वेष, मोह आणि भय या चारांच्या आहारी न जाणारा, आणि कोणते मत घेतले गेले, कोणते नाही हे जाणणारा. मत घेण्याच्या तीन रीती, गुप्त, कानात सांगून आणि उघड. गुप्त रीतीत वेगवेगळ्या रंगांच्या काड्या असत आणि घेतलेली काडी कुणाला दाखवू नको असे प्रत्येकाला सांगायचे. ठराव मांडायचा तर आधी ज्ञप्ती, म्हणजे रीतसर सूचना, आणि महत्त्वाच्या बाबतीत तीनदा विचारणा. आजच्या डोळ्यांना खटकणारी गोष्टही त्यात आहे. बहुमत धम्माच्या विरुद्ध गेले असे दिसले तर काड्या वाटणारा ते मतदान रद्द ठरवू शकत असे. युनियनच्या निवडणुकीत हा अधिकार आम्ही कुणालाच देणार नाही. पण मोजणारा कसा असावा याची ती चार कलमे मुलुंडच्या त्या मंचावर लावून पाहिली, तर भय तेवढे खालच्या खुर्च्यांवर होते, बाकी तीन मंचावरच सापडली.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण, हे सर्वांना माहीत आहे. शेवटच्या वर्षांत युनियनचे काम त्यांच्या हातून सुटले होते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या कामगार संघटना मात्र आज शेकडो आहेत, पालिकेत, रेल्वेत, बँकांत, बेस्टमध्ये. त्यांच्या वार्षिक सभेत भाषण त्यांच्यावर होते.

कायद्यात अजून बरेच काही आहे जे आमच्या तरुणांना माहीत नसते. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यापासूनच युनियनच्या नियमावलीत पदाधिकारी कसे निवडायचे, कसे काढायचे हे लिहिलेले असावे लागते, सदस्यांची यादी ठेवावी लागते आणि ती सदस्याला पाहू द्यावी लागते. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याने मान्यतेसाठी ३० टक्के सदस्यत्वाची अट घातली, आणि मान्यताप्राप्त युनियनची कार्यकारिणी तीन महिन्यांतून एकदा तरी भरली पाहिजे, ठराव इतिवृत्तात लिहिले पाहिजेत, हिशेब तपासले पाहिजेत असे सांगितले. प्रचार कसा करायचा, दुसऱ्या पॅनलला किती वेळ द्यायचा, मुकादमाने पत्रके वाटावीत का, यावर तो कायदा गप्प आहे. ते सदस्यांनीच नियमावलीत घालून घ्यायचे असते.

त्या सभेनंतर आमच्या ताईंनी तीन रविवार बसून नियमावली वाचली. आम्ही फक्त इंग्रजी भागाचा अर्थ सांगितला. मग एक पत्र लिहिले. मतदारयादी सभेच्या पंधरा दिवस आधी प्रत्येक चौकीवर लावावी. पावती वर्गणी घेतानाच द्यावी. कामाच्या वेळेत आणि मुकादमामार्फत कुणाचाही प्रचार नको. दोन्ही पॅनलना सभेत सारखा वेळ आणि तोच माईक. मतदान चिठ्ठीने, पेटीत, आणि मोजायला दोन्ही बाजूंचा एकेक माणूस. मागच्या सभेचे इतिवृत्त आधी वाचून दाखवावे. एका ताईंनी शेवटी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली, की सभा पाळी सुटल्यावर लगेच ठेवू नये, कारण बायांना घरी पाणी भरायचे असते आणि मतदान संपल्यावर त्या पोचतात. आमच्या कुणाच्या डोक्यात ते आले नव्हते.

पत्रावर बावीस सह्या झाल्या, तीन अंगठे. चिटणिसांनी घ्यायला दोनदा टाळाटाळ केली, तिसऱ्यांदा पोच दिली. सभा पुढच्या महिन्यात आहे आणि नोटीस या वेळी दोन चौक्यांवर लागली आहे, उरलेल्यांवर अजून नाही.