मेघांचा उपासक

स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळ ग्लेनकोर्स येथे एका मेंढपाळ शेतकऱ्याच्या घरी १४ फेब्रुवारी १८६९ रोजी चार्ल्स विल्सन यांचा जन्म झाला. ते चार वर्षांचे असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले व आई मुलांना घेऊन मँचेस्टरला आली. सावत्र बंधू विल्यम हे कलकत्त्यास व्यापारात होते. त्यांच्या साहाय्यावर चार्ल्सचे शिक्षण चालले. वैद्यकीचा मूळ बेत केंब्रिजला गेल्यावर मागे पडला आणि पदार्थविज्ञानात त्यांचे मन रमले.

सन १८९४ च्या सप्टेंबरात ते ब्रिटनमधील सर्वांत उंच अशा बेन नेव्हिस पर्वतावरील वेधशाळेत दोन आठवडे राहिले. पायांखाली शुभ्र मेघ पसरलेले, त्यांवर डोंगराची छाया आणि छायेभोवती रंगीत वलये! आपल्या हरिश्चंद्रगडावरून पावसाळ्यात क्वचित दिसणारे इंद्रवज्र ते हेच. हे वैभव काचपात्रात निर्माण करावयाचे, असा ध्यास विल्सन यांनी घेतला.

दमट हवा एकाएकी प्रसरण पावली की ती थंड होते व तिच्यातील वाफेचे धुके बनते. परंतु त्यासाठी हवेत धूलिकण असावे लागतात. असे का, हे समजण्याजोगे आहे. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो; या गुणास पृष्ठताण म्हणतात. थेंब जितका लहान, तितका त्या ताणाचा आतील दाब मोठा, आणि तितक्याच त्वरेने थेंबातील पाणी वाफ होऊन निसटते. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८७१ मध्ये हे गणिताने दाखविले होते. म्हणून अगदी इवलासा थेंब जन्मतःच विरून जातो. धूलिकणाच्या अंगावर जमणारा थेंब मात्र आरंभीच मोठा असतो व तगतो.

विल्सन यांनी पात्रातील हवा धूलिरहित केली. आता थेंब दिसू नयेत, अशीच सर्वांची अपेक्षा असणार. पण हवेचे आकारमान एकदम सव्वापट वाढविले की थोडे थेंब पडतच. प्रयोग कितीही वेळा केला तरी ते संपेनात. धूळ नाही, तर हे थेंब कशाचा आधार घेत होते? कदाचित विद्युत्भारित कणांचा! विद्युत्भार थेंबाला बाहेरून फुगवू पाहतो आणि पृष्ठताणाचा जोर कमी करतो. नुकताच क्ष-किरणांचा शोध लागला होता. १८९६ मध्ये विल्सन यांनी ते किरण पात्रावर सोडले; त्याच सव्वापट प्रसरणाला मोजक्या थेंबांऐवजी दाट धुके दाटले.

पुढील काम कसोटी पाहणारे होते. उपकरणाची काच ते स्वतः फुंकीत व तिचे सांधे स्वतःच घासून जुळवीत. कित्येक दिवस घासलेला सांधा अखेरच्या क्षणी फुटे. मग ते मुकाट्याने नवी काच हाती घेत. स्वभावाने ते लाजाळू होते व बोलताना अडखळत. व्याख्यानांपेक्षा हातांनीच त्यांचे नाव केले, असे म्हणावयास हरकत नाही.

१९११ मध्ये त्या कष्टांचे फळ हाती आले. रेडियममधून सुटलेला अदृश्य कण हवेतून जाताना वाटेत विद्युत्भारित कण सोडीत जातो. त्यांच्यावर थेंब जमले आणि पात्रात शुभ्र रेघ उमटली! अणूहूनही सूक्ष्म अशा कणाची वाट मानवी डोळ्यांनी प्रथमच पाहिली. या मेघकोठीसाठी त्यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक आर्थर कॉम्प्टन यांच्यासमवेत मिळाले. १९३२ मध्ये पॉझिट्रॉनचा शोध लागला, तोही मेघकोठीतच.

डोंगरांची ओढ मात्र सुटली नाही. १८९५ मध्ये बेन नेव्हिसच्या शेजारच्या शिखरावर वादळ जवळ येताच त्यांचे केस ताठ उभे राहिले होते आणि ते धावत उतार उतरले होते. गर्जणाऱ्या मेघात वीज येते कोठून, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मनात होता. वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर ते विमानात बसून मेघ पाहावयास गेले. मेघांतील विजेविषयीचा त्यांचा शेवटचा लेख १९५६ मध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी, प्रसिद्ध झाला. १५ नोव्हेंबर १९५९ रोजी एडिंबरोजवळच्या कार्लॉप्स या खेड्यात त्यांचे देहावसान झाले.