हेन्री लेलँड: गाडी खोलून पुन्हा जोडता येते, हे जगाला दाखवणारा माणूस

मागच्या पावसाळ्यात मी फोनचा डिस्प्ले बदलून घेतला. अर्ध्या तासात काम झालं, फोन मस्त चालू. दोन आठवड्यांनी जरासा भिजला आणि कॅमेऱ्याच्या काचेत आतून वाफ धरली. आधी हाच फोन भर पावसात चालायचा! कारण साधं होतं: फोन बंद करताना कडेची सीलची पट्टी नवीन लावलीच नव्हती.

तेव्हापासून मला विंटेज गाड्यांचं इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलून जोडणाऱ्यांचे व्हिडिओ बघायचा नाद लागला. तिथेही तोच नियम: प्रत्येक गॅस्केट आणि ऑइल सील नवीन, नाहीतर तेल गळणारच. पण ७०-८० वर्षं जुन्या इंजिनात आज आणलेला भाग बसतोच कसा? याचं उत्तर शोधताना मला हेन्री लेलँड भेटला.

बंदुकीच्या कारखान्यातून सुरुवात

लेलँडचा जन्म १८४३ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला. यादवी युद्धाच्या काळात तो स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्र कारखान्यात कामाला होता. एका बंदुकीचा भाग दुसरीत बसलाच पाहिजे, ही शिस्त त्याने तिथे पाहिली. पुढे ब्राउन अँड शार्प या मोजमापाची अवजारं बनवणाऱ्या कंपनीत त्याने बरीच वर्षं काढली. इंचाचा हजारावा भाग मोजायची सवय तिथे पक्की झाली.

१८९० मध्ये तो डेट्रॉइटला आला आणि भागीदारीत कारखाना काढला. १९०२ मध्ये हेन्री फोर्ड आपली कंपनी सोडून गेला. गुंतवणूकदारांना ती बंद करायची होती, म्हणून यंत्रांची किंमत ठरवायला त्यांनी लेलँडला बोलावलं. त्याने उलटाच सल्ला दिला: बंद करू नका, माझं इंजिन घ्या आणि गाड्या बनवा. त्यातून कॅडिलॅक उभी राहिली.

१९०८ ची परीक्षा

त्या काळी गाडी जोडताना कारागीर प्रत्येक भाग कानसीने घासून बसवायचे. म्हणजे एका गाडीचा भाग दुसरीत बसेलच याची खात्री नाही. लेलँडच्या गाड्यांचं तसं नव्हतं, आणि इंग्लंडमधल्या ब्रूकलँड्स रेस ट्रॅकवर ते सगळ्यांसमोर सिद्ध झालं.

रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली तीन कॅडिलॅक पूर्ण खोलल्या. प्रत्येकीचे ७२१ भाग! सगळे एकत्र मिसळले, त्यातले ८९ काढून स्टॉकमधले नवीन भाग घातले. मग मेकॅनिकनी साध्या पान्या-स्क्रूड्रायव्हरने पुन्हा तीन गाड्या जोडल्या. कानस वापरायला बंदी. तिन्ही गाड्या सुरू झाल्या आणि प्रत्येकी ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर धावल्या. यासाठी कॅडिलॅकला ड्यूअर ट्रॉफी मिळाली.

या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये प्लॅनेटरी गिअर होते: मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे. १९४० च्या मॉडेलपासून आलेल्या हायड्रामॅटिक या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्येही हेच तत्त्व आहे. तिथे तेलाच्या दाबावर गिअर बदलतात, म्हणून पृष्ठभाग सपाट आणि सील घट्ट हवंच. भागच वाकडातिकडा असेल तर गॅस्केट तरी किती सांभाळणार?

शेवट मात्र कडू

१९०९ मध्ये जनरल मोटर्सने कॅडिलॅक विकत घेतली. १९१२ च्या मॉडेलमध्ये लेलँडने चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर बसवला आणि हँडल मारायची कटकट संपली. १९१७ मध्ये बाहेर पडून त्याने विमानांची इंजिनं बनवायला लिंकन कंपनी काढली. युद्ध संपल्यावर तिथे गाड्या बनू लागल्या, पण कंपनी बुडाली. १९२२ मध्ये ती घेतली कोणी? हेन्री फोर्डनेच. काही महिन्यांतच लेलँड आणि त्याच्या मुलाला बाहेर पडावं लागलं. १९३२ मध्ये, ८९ व्या वर्षी तो डेट्रॉइटमध्ये वारला.

कंपन्या हातून गेल्या, पण त्याने दाखवलेली गोष्ट राहिली. आज काही फोनमध्ये त्याच मॉडेलचा ओरिजिनल भाग लावला तरी स्क्रीनवर वॉर्निंग येते. भाग बसतो, सॉफ्टवेअर नाकारतं. लेलँडच्या मेकॅनिकना अशी परवानगी कोणाकडे मागावी लागली नव्हती.

तोवर एक करा: फोन उघडायला दिलात तर पैसे देण्याआधी विचारा, सील नवीन लावलं का? मी विचारलं नव्हतं.